जोडजनुकाची चाल

भुदरगड तालुक्यातल्या एखाद्या वाडीतला तिशी-पस्तिशीतला माणूस गारगोटीत रक्त तपासायला येतो. तक्रार मोठी नसते. दम लागतो, रात्री घाम येतो, दोन घास खाल्ले की पोट गच्च होतं, डाव्या बरगडीखाली जड वाटतं. निरोगी माणसाच्या रक्तात दर घनमिलिमीटरला चार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी असतात. याच्या रिपोर्टात आकडा येतो दीड लाखाचा. लॅबमध्ये तपासणी पुन्हा केली जाते आणि आकडा तोच राहतो. डॉक्टर पोटाला हात लावतात तर पाणथरी चांगलीच वाढलेली. मग कोल्हापूरची चिठ्ठी मिळते, तिथून कधी मुंबईची, आणि शेवटी रक्तातल्या एका विशिष्ट जनुकाची पीसीआर चाचणी होऊन नाव कळतं: क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. दवाखान्यात सगळे त्याला सीएमएल म्हणतात.

रक्ताचा कॅन्सर म्हटल्यावर घर हादरतं. पण गोळ्या सुरू होतात आणि महिन्या-दोन महिन्यांत पेशींचा आकडा खाली येतो, पाणथरी ओसरते, माणूस पुन्हा उसाच्या फडात नाहीतर कामावर दिसू लागतो. मग घरातलं कुणीतरी विचारतंच: पोरगं तर चांगलं हिंडतंय-फिरतंय, रिपोर्ट पण चांगला आलाय, मग रोजची गोळी कशाला? हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. त्याचं उत्तर पेशीच्या आत, अगदी रेणूंच्या पातळीवर आहे, आणि ते नीट समजलं तर या आजाराशी वागण्याची पद्धतच बदलते. सीएमएलचा शांत काळ हा आजाराच्या विश्रांतीचा काळ नसतो. त्याच काळात आजार स्वतःला पुढच्या, जीवघेण्या टप्प्यासाठी तयार करत असतो. गोळीचं खरं काम ती तयारी थांबवण्याचं आहे. पांढऱ्या पेशी कमी होतात हे त्यातलं वरवर दिसणारं काम.

गारगोटीच्या कर्मवीर हिरे महाविद्यालयात जीवशास्त्र शिकणाऱ्या कुणालाही विचारा, माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात हे तो सांगेल. सीएमएलची सुरुवात त्यातल्या दोन गुणसूत्रांत होते, नवव्या आणि बाविसाव्या. हाडाच्या पोकळीतल्या मज्जेत रक्ताच्या मूळ पेशी असतात. सगळ्या तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स या मूळ पेशींपासूनच तयार होतात. अशाच एका मूळ पेशीत नववं आणि बाविसावं गुणसूत्र एकाच वेळी तुटतं, आणि पेशी तुटलेली टोकं जोडताना अदलाबदल करते. नवव्याचा तुकडा बाविसाव्याला, बाविसाव्याचा नवव्याला. तुटण्याची जागा अशी असते की बाविसाव्यावरचं बीसीआर नावाचं जनुक आणि नवव्यावरचं एबीएल नावाचं जनुक एकमेकांना चिकटून एकच सलग जनुक होतं. हे बीसीआर-एबीएल जोडजनुक म्हणजे सीएमएलचं मूळ.

हे कळायला मोठा काळ लागला. १८४५ साली एडिनबरात जॉन ह्यूज बेनेट आणि बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्खो यांनी, एकमेकांना न विचारता, अशा रुग्णांच्या रक्ताचं वर्णन केलं होतं. कारण मात्र पुढची शंभर वर्षं अंधारात राहिलं. १९६० साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींत एक नेहमीपेक्षा आखूड गुणसूत्र वारंवार दिसलं. शहराच्या नावावरून त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणू लागले. एखाद्या कॅन्सरमध्ये गुणसूत्राचा ठरावीक दोष सातत्याने सापडण्याची ती पहिली वेळ. तेव्हा वाटलं होतं की तुकडा हरवला आहे. १९७३ साली शिकागोच्या जॅनेट रोली यांनी रंगवलेल्या गुणसूत्रांचे फोटो कापून, घरच्या जेवणाच्या टेबलावर शेजारी-शेजारी मांडून दाखवलं की तुकडा हरवलेला नाही, नवव्या गुणसूत्राला जाऊन चिकटला आहे. चार मुलांचं घर सांभाळत अर्धवेळ संशोधन करणाऱ्या या बाईंनी कॅन्सरकडे बघण्याची दिशा बदलली. त्यांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

इथे एक गोष्ट घरोघरी सांगण्यासारखी आहे. हा दोष आईबापांकडून येत नाही आणि मुलांकडे जात नाही. तो जन्मानंतर, मज्जेतल्या एका पेशीत घडतो. म्हणून सीएमएल झालेल्याच्या घरात सोयरीक करायला कचरण्याचं काहीही कारण नाही. तीव्र किरणोत्सर्गाने धोका वाढतो हे हिरोशिमाच्या अणुबॉम्बमधून वाचलेल्या लोकांवरून कळलं. तिथे बॉम्बनंतर काही वर्षांनी सीएमएलचे रुग्ण वाढले. पण बहुसंख्य रुग्णांत कसलंही कारण सापडत नाही. कुणाच्या खाण्यापिण्याला, कुणाच्या पापाला, कुणाच्या नजरेला दोष देण्याची जागाच उरत नाही.

आता हे जोडजनुक करतं काय ते पाहू. एबीएल हे मुळात वाईट जनुक नव्हे. त्याच्यापासून तयार होणारं प्रथिन टायरोसिन कायनेज जातीचं विकर आहे. दुसऱ्या प्रथिनांतल्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेटचा गट बसवणं हे त्याचं काम. फॉस्फेट बसलं की ते प्रथिन कामाला लागतं. पेशीत वाढा, थांबा, विभागा, मरा असे जे निरोप फिरतात त्यातले पुष्कळसे याच मार्गाने जातात. निरोगी एबीएलच्या सुरुवातीच्या टोकाला स्निग्धाम्लाचा एक छोटा गट असतो, मिरिस्टॉयल नावाचा. तो वळून प्रथिनाच्याच एका खाचेत जाऊन बसतो आणि विकर बंद ठेवतो. गरज लागेल तेव्हाच ते उघडतं. जोडजनुकात एबीएलचं हेच टोक कापलं जातं आणि त्या जागी बीसीआर येतं. बंद ठेवणारा गट गेला. वर बीसीआरच्या टोकाला असा भाग आहे की त्याच्यामुळे ही प्रथिनं दोन-दोन, चार-चार अशी एकमेकांना गुंफली जातात, आणि जवळ आलेली विकरं एकमेकांवरच फॉस्फेट बसवतात. परिणामी विकर रात्रंदिवस चालू राहतं.

त्यातून पेशीत तीन-चार वाटांनी निरोप सुटतात. बीसीआरच्या भागातल्या १७७ क्रमांकाच्या टायरोसिनवर फॉस्फेट बसलं की तिथे जीआरबी२ नावाचं प्रथिन येऊन चिकटतं आणि रास नावाची साखळी सुरू होते. तिचा अर्थ, विभाजन करत राहा. एसटीएटी५ हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात जाऊन पेशीला मरणापासून वाचवणारी जनुकं चालू करतं. पीआय३ कायनेजची साखळी त्याला साथ देते. मज्जेच्या भिंतीला धरून राहण्याची पेशींची क्षमताही बिघडते, म्हणून अर्ध्याकच्च्या पेशी वेळेआधीच रक्तात उतरतात. १९९० साली डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत जॉर्ज डेली आणि रिचर्ड व्हॅन एटन यांनी हे जनुक उंदरांच्या मज्जेतल्या पेशींत घातलं, आणि उंदरांना सीएमएलसारखाच आजार झाला. म्हणजे सुरुवातीसाठी हे एकच जनुक पुरेसं आहे.

पण लक्षात घ्या, या टप्प्यावर पेशींची पक्व होण्याची प्रक्रिया शाबूत असते. वाढ बेफाम आहे, तरी तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशी बहुतांशी कामाच्या आहेत, जंतूंशी लढू शकतात. म्हणूनच दीड लाख पेशी अंगात घेऊन माणूस महिनोन्‌महिने शेतात राबू शकतो. हाच क्रॉनिक टप्पा.

आजची औषधं नव्हती त्या काळात हा टप्पा साधारण तीन ते पाच वर्षं टिकायचा. नंतर आजार वेग धरायचा आणि मग यायचा तो ब्लास्ट क्रायसिस. रक्तात आणि मज्जेत अपक्व पेशी, म्हणजे ब्लास्ट, पाचापैकी एकाहून जास्त होतात. त्या कसल्याही कामाच्या नसतात, निरोगी पेशींना जागा ठेवत नाहीत, आणि काही महिन्यांत माणूस जातो. आजही औषधांनी ज्याला सहज आवरता येत नाही असा हा टप्पा. माझ्या मते सीएमएलचं सगळं विज्ञान या एका प्रश्नाभोवती फिरतं: शांत टप्प्यातून या टप्प्यात पेशी जाते कशी?

जुन्या औषधांचा अनुभव इथे फार बोलका आहे. १९५० च्या दशकात बुसल्फान आलं, नंतर हायड्रॉक्सियुरिया. दोन्हींनी पांढऱ्या पेशी झपाट्याने खाली यायच्या, पाणथरी आटोक्यात यायची, रिपोर्ट सुधारायचे. तरीही काही वर्षांनी ब्लास्ट क्रायसिस यायचाच. कारण ती औषधं विभागणाऱ्या पेशी मारत होती, जोडजनुकाचं विकर मात्र चालूच होतं. पेशींचा आकडा आटोक्यात येणं वेगळं आणि आजार आटोक्यात येणं वेगळं, हे त्या पिढीच्या रुग्णांनी जिवाची किंमत देऊन शिकवलं.

शांत टप्प्यात पेशीच्या आत जे घडत असतं त्याची सुरुवात ऑक्सिजनपासून होते. बीसीआर-एबीएलमुळे पेशीचा चयापचय बेसुमार वाढतो आणि ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू जास्त तयार होतात. हे रेणू डीएनएच्या अक्षरांना इजा करतात, त्याचे दोन्ही धागे तोडतात. निरोगी पेशीतही अशा इजा रोज होतात, पण ती एकतर त्या अचूक दुरुस्त करते, नाहीतर दुरुस्त होत नसतील तर स्वतः मरून जाते. जोडजनुकाने या दोन्ही सोयी बिघडवलेल्या असतात. दुरुस्तीची प्रथिनं काम करतात, पण घाईने आणि चुका ठेवून. अक्षरं गळतात, चुकीची टोकं जुळतात. आणि मरणाचे निरोप आधीच दाबलेले असल्यामुळे चुका घेतलेली पेशी जगते, विभागते, त्या चुका पुढच्या पेशींना देते. पहिला बिघाड अशा रीतीने पुढच्या बिघाडांचा कारखानाच काढतो. आजार पुढे जातो तो बाहेरून काही नवं घडल्यामुळे नाही. त्याच्या पहिल्याच जनुकात ती चाल आहे.

या चुका कुठेही होतात आणि बहुतेक निरुपयोगी असतात. पण लाखो-कोटी पेशींत एखादीला अशी चूक मिळते की ती इतरांपेक्षा पुढे जाते. ब्लास्ट क्रायसिसमधल्या पेशींची गुणसूत्रं पाहिली तर काही बदल पुन्हा पुन्हा दिसतात: आठव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त, फिलाडेल्फिया गुणसूत्राची दुसरी प्रत, सतराव्या गुणसूत्राचा एक हात दुप्पट होऊन दुसरा नाहीसा, एकोणिसाव्याची जादा प्रत. सतराव्याचा जो हात नाहीसा होतो त्याच्यावरच पी५३ हे जनुक आहे. बिघडलेल्या पेशीला थांबवणारं किंवा मारणारं हे सगळ्यात महत्त्वाचं जनुक. ते गेलं की अडवणारं फारसं कुणी राहत नाही.

नुसती वाढ जोरात होऊन ब्लास्ट तयार होत नाहीत, त्यासाठी पेशीचं पक्व होणं थांबावं लागतं. ते कसं थांबतं याचा शोध मला या सगळ्या कथेतला सर्वांत विलक्षण भाग वाटतो. पांढरी पेशी पक्व व्हायला सी/ईबीपी अल्फा नावाचं प्रथिन लागतं. ब्लास्ट क्रायसिसमध्ये या प्रथिनाचं जनुक पुष्कळदा शाबूत असतं, त्याची आरएनएची प्रतही निघते, पण त्या प्रतीवरून प्रथिन तयार होत नाही. बीसीआर-एबीएलचं प्रमाण वाढलं की पेशीत एचएनआरएनपी-ई२ हे दुसरं प्रथिन वाढतं आणि ते त्या प्रतीला चिकटून वाचनच अडवतं. २००२ साली दानिलो पेरोत्ती आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं. काही रुग्णांत रन्क्स१ हे जनुक बदललेलं सापडतं, त्याचाही परिणाम तोच.

दुसरा बदल पेशीच्या ओळखीचा. निरोगी मज्जेत स्वतःची नक्कल अखंड करत राहण्याचा हक्क फक्त मूळ पेशींना असतो. पुढच्या पायरीवरच्या पेशी ठरावीक वेळा विभागतात आणि पक्व होऊन संपतात. २००४ साली कॅट्रिओना जेमिसन आणि आयर्व्हिंग वाइसमन यांच्या गटाने दाखवलं की ब्लास्ट क्रायसिसमध्ये खालच्या पायरीवरच्या पेशींत बीटा-कॅटेनिन हे प्रथिन केंद्रकात शिरतं आणि त्या पेशींना मूळ पेशीचा तो हक्क मिळतो. आता आजाराचं बीज दुर्मिळ राहत नाही, फौजच बीज होते. याच काळात पीपी२ए हे फॉस्फेट काढून टाकणारं, म्हणजे जोडजनुकाच्या विकराला उलटं काम करणारं, विकरही दाबलं जातं.

ब्लास्ट क्रायसिस नेहमी एकाच रंगाचा नसतो. साधारण दोन तृतीयांश किंवा त्याहून अधिक रुग्णांत ब्लास्ट मायलॉइड जातीचे असतात, उरलेल्या बहुतेकांत लिम्फॉइड जातीचे, लहान मुलांच्या रक्तकॅन्सरात दिसतात तसे. मूळ दोष इतक्या वरच्या पेशीत असतो की खाली दोन्ही फांद्या त्याच्याच असतात. कुठली फांदी फुटेल हे नंतरच्या चुका ठरवतात. लिम्फॉइड प्रकारात पुष्कळदा इकारोस नावाचं जनुक आणि नवव्या गुणसूत्रावरची सीडीकेएन२ए-२बी ही विभाजन रोखणारी जनुकं गळालेली असतात.

क्रॉनिक ल्युकेमिया म्हटलं की दुसराही एक आजार येतो, क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया. युरोप-अमेरिकेतल्या वृद्धांत तो खूप आढळतो, आपल्याकडे कितीतरी कमी. तिथे असं एकच जोडजनुक नसतं. अनेकांत तेराव्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला असतो, आणि तो बऱ्यापैकी सौम्य प्रकार. सतराव्यावरचं पी५३ गेलं तर तोच आजार उग्र होतो. म्हणजे शेवटच्या वळणावर दोन्ही आजार त्याच जनुकाशी येऊन भेटतात. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

औषधाकडे येऊ. विकराला काम करायला एटीपी हा इंधनाचा रेणू लागतो आणि तो एका ठरावीक खाचेत बसतो. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या सिबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन, युर्ग झिमरमन आणि सहकाऱ्यांनी त्या खाचेत जाऊन बसणारा रेणू घडवला. ओरेगॉनच्या ब्रायन ड्रुकर यांनी तो सीएमएलच्या पेशींवर तपासला आणि रुग्णांपर्यंत नेण्याचा ध्यास घेतला. १९९८ मध्ये माणसांवर चाचण्या सुरू झाल्या, मे २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. हेच इमॅटिनिब. क्रॉनिक टप्प्यात रोज चारशे मिलिग्रॅम, जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर.

आयरिस नावाच्या मोठ्या चाचणीत इमॅटिनिब घेणाऱ्यांपैकी ८३ टक्क्यांहून अधिक रुग्ण दहा वर्षांनंतर जिवंत होते. पण मला त्यातला दुसरा आकडा जास्त मोलाचा वाटतो. आजार पुढच्या टप्प्यात जाण्याचं प्रमाण पहिल्या तीन वर्षांत दरवर्षी दीड ते तीन टक्क्यांच्या दरम्यान होतं, चौथ्या-पाचव्या वर्षी एक टक्क्याच्या आत आलं, आणि सहाव्या-सातव्या वर्षी शून्यावर. विकर बंद, तर इजा कमी. दोषी पेशीच थोड्या उरल्या, तर नवी चूक घडायला जागा कमी. घरातल्या त्या प्रश्नाचं उत्तर या आकड्यांत आहे.

गोळ्या चुकल्या तर काय होतं हेही मोजलं गेलं आहे. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये डेव्हिड मारिन आणि सहकाऱ्यांनी ८७ रुग्णांच्या डबीच्या झाकणातच बारीक यंत्र बसवून ती कधी उघडली जाते याची नोंद ठेवली. दहातल्या नऊ गोळ्यांहून अधिक घेणाऱ्यांत सहा वर्षांत आजार हजारांश पातळीच्या खाली जाण्याची शक्यता साडेचौऱ्याण्णव टक्के होती. त्याहून कमी घेणाऱ्यांत ती अठ्ठावीस टक्के. महिन्यातल्या तीन-चार गोळ्या राहिल्या एवढाच हा फरक. पायात गोळे येतात, डोळ्यांखाली सूज येते, मळमळतं, हे त्रास खरे आहेत आणि ते डॉक्टरांना सांगितले पाहिजेत. बहुतेकांवर उपाय असतो. मनाने गोळी सोडणं हा उपाय नव्हे. बाईला दिवस जाण्याचा विचार असेल तर मात्र आधीच डॉक्टरांशी बोलणं अगदी आवश्यक, कारण हे औषध गर्भाला घातक ठरू शकतं.

आपल्या भागात हे सगळं आणखी महत्त्वाचं होतं. पाश्चात्त्य देशांत सीएमएलचा रुग्ण साधारणपणे साठीच्या घरातला असतो, भारतात चाळिशीच्या आसपासचा. म्हणजे पोरांची शाळा, सोसायटीचं कर्ज, म्हातारे आईबाप, सगळं ज्याच्या अंगावर आहे असा माणूस. त्याला औषध वीस-तीस वर्षं घ्यायचं असेल तर ते परवडलं पाहिजे. इथे मुंबईच्या एका संस्थेचं काम सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा या स्फटिकरूपावर नोव्हार्टिस कंपनीने भारतात पेटंट मागितलं होतं. सिबा-गायगी एव्हाना नोव्हार्टिसमध्ये विलीन झाली होती. कंपनीची गोळी महिन्याला सुमारे एक लाख वीस हजार रुपयांना पडायची, भारतीय कंपन्यांची आठ-दहा हजारांना. कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या मुंबईच्या संस्थेने आणि काही भारतीय औषध कंपन्यांनी या अर्जाला हरकत घेतली. २००६ च्या जानेवारीत चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. प्रकरण पुढे गेलं, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने कंपनीचं अपील फेटाळलं. जुन्याच रेणूचं नवं स्फटिकरूप रुग्णावर होणारा परिणाम वाढवत असल्याचं दिसत नाही, असा त्याचा गाभा. कंपनी अनेक भारतीय रुग्णांना औषध मोफत देत होती हेही खरं आहे. पण दानावर आणि हक्काने मिळणाऱ्या स्वस्त गोळीवर आयुष्य उभं करणं यात फरक आहे. आजार पुढे जाणं हे पेशीत घडतं, पण ती गोळी गारगोटीच्या माणसाच्या हाती पडते की नाही यावरही ते अवलंबून असतं.

काहींत औषध नेमाने घेऊनही आजार डोकं वर काढतो. २००१ सालीच चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने तपासलेल्या नऊपैकी सहा रुग्णांत कारण सापडलं. विकराच्या ३१५ व्या जागेवरचं थ्रिओनिन बदलून तिथे आयसोल्युसिन आलं होतं. इमॅटिनिब ज्या हायड्रोजन बंधाने तिथे धरून बसतं तो बंध आता होत नाही, आणि आयसोल्युसिनचा फुगीर भाग वाट अडवतो. विकराचं स्वतःचं काम मात्र चालू राहतं. एका अक्षराचा हा बदल औषधामुळे होत नाही. चुका करत राहणाऱ्या पेशींपैकी एखादीत तो आधीच झालेला असतो, औषध बाकीच्यांना दाबतं आणि तीच वाढते. अशा बदलांवर मात करायला डासाटिनिब, निलोटिनिब, बोसुटिनिब आले, पण ३१५ व्या जागेवरच्या बदलापुढे तिन्ही हरले. तिथे पोनाटिनिब लागू पडतं. २०२१ साली आलेलं ॲसिमिनिब तर वेगळ्याच वाटेने जातं. ते एटीपीच्या खाचेत बसतच नाही. निरोगी एबीएलला बंद ठेवणारा मिरिस्टॉयल गट ज्या खाचेत बसायचा, ती खाच जोडप्रथिनातही रिकामी पडलेली असते. ॲसिमिनिब तिथे जाऊन बसतं आणि विकर बंद करतं. निसर्गाने केलेली मूळ सोय रसायनशास्त्रज्ञांनी हाताने परत बसवली.

मग आजार मुळापासून जातो का? कोल्हापूरकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला खोडवा पुरे. ऊस तोडला, फड मोकळा दिसतो, पण जमिनीतली खोडकी जिवंत असतात आणि त्यांना पुन्हा फुटवे येतात. सीएमएलच्या मूळ पेशी अशाच मज्जेत निपचित असतात. २०११ मध्ये ओरेगॉनच्याच गटाने दाखवलं की त्यांतल्या काही जगण्यासाठी बीसीआर-एबीएलवर अवलंबूनच नसतात. विकर बंद केलं तरी त्या मरत नाहीत. म्हणून साधी रक्त तपासणी चोख आली तरी पीसीआर करत राहावं लागतं. निदानाच्या वेळी शंभराच्या आसपास असलेलं जोडजनुकाचं प्रमाण तीन महिन्यांत दहा टक्क्यांखाली आणि वर्षभरात ०.१ टक्क्यापर्यंत यावं, अशी अपेक्षा असते. उतरण मंदावली किंवा आकडा पुन्हा चढू लागला, तर गोळ्या चुकतात का हे आधी पाहायचं, मग विकरातला बदल शोधायचा.

आणि तरीही काहींची गोळी बंद करता येते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या स्टिम या चाचणीत, किमान दोन वर्षं जोडजनुक सापडतच नव्हतं अशा शंभर रुग्णांचं इमॅटिनिब थांबवलं. साधारण चाळीस टक्के रुग्णांत आजार परतला नाही. बाकीच्यांत तो परतला तो बहुधा पहिल्या सहा-सात महिन्यांत, आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावर जवळजवळ सगळ्यांत पुन्हा दबला. त्या चाळीस टक्क्यांत शेवटची मूळ पेशीही मेलेली असते, की शरीराच्या नैसर्गिक मारक पेशी उरलेल्यांना दाबून ठेवतात, याचा शोध सुरू आहे. दुसऱ्या शक्यतेकडे बोट दाखवणारे पुरावे बरेच आहेत. मात्र हे थांबवणं डॉक्टरांच्या देखरेखीखालचं आहे: त्याआधी बरीच वर्षं औषध झालेलं हवं, आकडा दीर्घकाळ दहा हजारांत एक या पातळीच्या खाली स्थिर हवा, आणि थांबवल्यावर पहिले सहा महिने दर महिन्याला पीसीआर व्हायलाच हवं. रक्ताचा नमुना गारगोटीहून मोठ्या प्रयोगशाळेपर्यंत वेळेत पोहोचवण्याची आणि त्या चाचणीच्या खर्चाची सोय आधी लावावी, मगच थांबवण्याचा विषय डॉक्टरांकडे काढावा. आकडा ०.१ टक्क्याच्या वर गेला की गोळी लगेच परत सुरू होते.